मामोड एसएल १ : जुने वाफेचे इंजिन घरी सुधारण्यासाठी घ्यावे का?

मामोड एसएल १ हे छोट्या रुळांवर खऱ्या वाफेने धावणारे खेळण्यातले इंजिन जुन्या बाजारातून घ्यावे, घरच्या टेबलावर पुरते खोलावे, दुरुस्त करावे आणि त्यात आपल्याला हवे ते बदल करावेत, असे वाफेच्या इंजिनाची मनापासून ओढ असलेल्या कोणालाही मी निःशंकपणे सांगेन. मात्र हे बदल कोणत्या क्रमाने करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. आधी गळती, मग वंगण आणि सर्वांत शेवटी जाळ, असा तो क्रम आहे. हौशी मंडळी बहुधा उलट टोकाने सुरुवात करतात. आधी नवा बर्नर आणतात, आणि तरीही इंजिन डबे ओढत नाही म्हणून निराश होऊन ते पुन्हा विकून टाकतात.

मामोड हा जेफ्री मालिन्स यांनी १९३७ साली बर्मिंगहॅमच्या परिसरात सुरू केलेला उद्योग. टेबलावर ठेवायची स्थिर इंजिने, वाफेचा रोड रोलर, ट्रॅक्शन इंजिन अशी त्यांची खेळणी ब्रिटनमधल्या कितीतरी पिढ्यांनी लहानपणी हाताळली आहेत. रुळांवर चालणारे एसएल १ त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. त्या काळी बागेतल्या रुळांवर खऱ्या वाफेने धावणारे इंजिन हवे असेल तर ते स्वतः लेथवर घडवावे लागे किंवा कारागिराकडून महागात करून घ्यावे लागे. डॉनकॅस्टरची राउंडहाउस कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली आणि पुढे या छंदातले दर्जेदार नाव ठरली. पण तिची इंजिने आज हजार पौंडांच्या घरात किंवा त्याहून वर जातात. मामोडने त्याआधीच सामान्य माणसाला परवडेल असे चार चाकांचे इंजिन दिले होते, आणि ते मोठ्या संख्येने घरोघरी गेल्यामुळेच आज चार-साडेचार दशकांनंतरही ते जुन्या बाजारात सहज मिळते.

आकाराबद्दल मराठी वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हे इंजिन ३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालते आणि चाके आसावर बाहेर सरकवून ४५ मिलिमीटरच्या रुळांवरही चालवता येते. या छंदात एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९, असे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने ३२ मिलिमीटरचा रूळ म्हणजे बरोबर दोन फुटी रेल्वे होते. नेरळ–माथेरानची गाडी ज्या ६१० मिलिमीटर रुळांवर १९०७ पासून चालत आली, त्याच रुंदीचे हे छोटे रूप आहे. एसएल १ कोणत्याही खऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल नाही, आणि माथेरानच्या सहा जोडचाकांच्या इंजिनांशी तर त्याचे काहीच साम्य नाही. परंतु रुळांची रुंदी तीच असल्यामुळे त्याच्यामागे माथेरानचे डबे स्वतः बनवून जोडणे ही कल्पना अजिबात अवास्तव नाही.

आता मूळ स्थितीतले इंजिन कसे आहे ते पाहू. पितळेचा आडवा बॉयलर, त्याच्याखाली सरकवायची पत्र्याची थाळी, थाळीत घन इंधनाच्या वड्या, दोन्ही बाजूंना एकेक डुलता सिलिंडर, एक सुरक्षा झडप आणि एक शिट्टी एवढाच सरंजाम असतो. दाब दाखवणारे घड्याळ नाही, आपोआप तेल देणारी सोय नाही आणि वाफ कमी-जास्त करण्यासाठी वेगळी झडपही नाही. इंजिन पुढे न्यायचे की मागे हे ठरवणारा जो दांडा आहे, त्यानेच वेगही आवरावा अशी अपेक्षा आहे. परिणामी हे इंजिन एक तर थांबते, नाही तर सुसाट पळते, आणि वाऱ्याच्या दिवशी बाजूने बाहेर येणारी ज्योत टाक्यांचा रंग करपवते. ही सगळी उणीव मान्य करूनही मी ते घ्या म्हणतो, कारण प्रत्येक भाग उघड्यावर आहे, स्क्रू काढला की सुटतो, आणि जे बिघडले आहे ते डोळ्यांना दिसते. शिकण्यासाठी याहून चांगले इंजिन माझ्या पाहण्यात नाही.

डुलता सिलिंडर म्हणजे काय हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. खऱ्या रेल्वे इंजिनात सिलिंडर स्थिर असतो आणि वाफ आत घेण्याचे व बाहेर सोडण्याचे काम वेगळी झडप करते. इथे दट्ट्याचा दांडा थेट चाकाच्या खुंटीला जोडलेला असतो, त्यामुळे चाक फिरताना सिलिंडरच एका खिळीभोवती वर-खाली डुलतो; त्याच्या पाठीवरची भोके समोरच्या सपाट पृष्ठभागावरच्या भोकांसमोर आळीपाळीने येतात, आणि वाफ एकदा आत, एकदा बाहेर जाते. हे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट टेकलेले राहावेत म्हणून एक स्प्रिंग असते. वाफेचा दाब सिलिंडरला पृष्ठभागापासून दूर ढकलतो, आणि स्प्रिंग त्याला परत दाबते. दाब स्प्रिंगला भारी झाला की सिलिंडर क्षणभर उचलला जातो आणि वाफ फुकट बाहेर पडते.

म्हणूनच दाब वाढवून इंजिन बलवान करण्याचा प्रयत्न इथे फळत नाही. दाब वाढवला की कडक स्प्रिंग लागते, स्प्रिंग कडक केली की घर्षण वाढते, आणि वाढलेली ताकद घर्षणातच संपते. शिवाय या घडणीत सिलिंडरमध्ये जवळजवळ पूर्ण धावभर वाफ शिरत राहते. तिला आत प्रसरण पावून काम करायला वावच मिळत नाही. इंजिन मुळातच वाफेचे उधळे आहे, त्यात गळतीची भर पडली तर कितीही मोठा जाळ लावला तरी बॉयलर पुरा पडत नाही. जुन्या एसएल १ मध्ये बॉयलरचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा वाफ तयार होते, पण दट्ट्यापर्यंत पोहोचण्याआधीच निसटते.

त्यामुळे पहिले काम या पृष्ठभागांचे. सिलिंडर सोडवून त्याच्या पाठीवर मार्करने बारीक चौकटी आखाव्यात, जाड काचेच्या तुकड्यावर ८०० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवावा आणि इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने घासावे. जिथली रेघ आधी पुसली जाते तो उंचवटा, जिथे शाई राहते तो खोलगटपणा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला. मग १२०० नंबरच्या कागदावर तेच करावे. समोरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग, आणि पुढे-मागे करणाऱ्या फिरत्या झडपेचा पृष्ठभाग, हेही असेच सपाट केले पाहिजेत. अनेक जण सिलिंडरवर मेहनत घेतात आणि ही तिसरी जागा विसरतात, वास्तविक तिथली गळती दोन्ही सिलिंडरांना एकदम उपाशी ठेवते. घासून झाल्यावर प्रत्येक भाग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुवावा, कारण पितळात रुतून राहिलेला एखादा कण पुढे कायम ओरखडे काढत राहतो.

दट्ट्याची गळती हा दुसरा भाग. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांनी दट्ट्यावर खाच पाडून रबरी कडे बसवावे; ते व्हायटॉनचे किंवा सिलिकॉनचे असावे, साध्या नायट्राइलचे नसावे, कारण वाफेच्या तापमानाला नायट्राइल लवकर कडक होते. कडे सिलिंडरमध्ये जेमतेम दाबले जाईल इतकेच बसले पाहिजे. हाताने चाक फिरवताना ते अडखळत असेल, तर गळती थांबवण्याच्या नादात आपण ब्रेक लावला आहे असे समजावे. लेथ नसलेल्यांसाठी तयार सुधारित सिलिंडर आणि दट्टे मिळतात. मामोडच्या या इंजिनासाठी सुटे व सुधारित भाग विकणारे ड्रीम स्टीमसारखे व्यावसायिक ब्रिटनमध्ये आहेत, आणि बर्नर, सुरक्षा झडप, तेलदाणी, दाबाचे घड्याळ असे एकेक भाग स्वतंत्रपणे घेता येतात. एकदम सगळा संच न मागवता एक भाग बसवावा, इंजिन चालवून पाहावे, मग पुढचा मागवावा. कोणत्या बदलाने काय साधले हे त्याशिवाय कळत नाही.

हे सर्व झाल्यावर जाळ न लावता, सायकलच्या पंपाने फक्त सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीत हलकी हवा सोडावी आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहावे. अर्ध्या बारच्या, म्हणजे वातावरणाच्या साधारण निम्म्या दाबाच्या, हवेवर, चाके उचलून धरलेली असताना, इंजिन संथ आणि एकसारखे फिरले पाहिजे. ते तसे फिरत नसेल तर वाफेवरही फिरणार नाही.

वंगणाची तजवीज ही माझ्या मते या इंजिनातली पैशाला सर्वाधिक मोल देणारी सुधारणा आहे, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. वाफेच्या वाटेवर एक लहान बंद डबी बसवतात आणि तिच्यात जाड वाफेचे तेल भरतात. थोडी वाफ डबीत शिरून थंड होते, तिचे पाणी होऊन ते तळाशी बसते, आणि तेल पाण्यावर तरंगत असल्याने तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जाते. हलणारा एकही भाग नाही, आणि इंजिन चालते तोपर्यंत तेल मिळत राहते. शिलाई यंत्राचे किंवा मोटारीचे साधे तेल इथे चालत नाही. ओल्या वाफेत ते धुऊन जाते. यासाठी खास वाफेचे तेलच घ्यावे. लहान इंजिनांसाठी ते २२० आणि ४६० अशा ग्रेडमध्ये मिळते, आणि घासून सपाट केलेल्या पृष्ठभागांवर ४६० चे जाड तेल गळती बुजवण्यालाही हातभार लावते. प्रत्येक फेरीनंतर डबीतले पाणी काढून टाकावे लागते, एवढाच त्याचा व्याप.

आता जाळाकडे वळू, कारण ब्रिटनमध्ये हा बदल आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. मूळ इंधनाच्या वड्या हेक्झामीनच्या असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे हेक्झामीन हा स्फोटकांचा घटक म्हणून नियंत्रित पदार्थांत मोडतो, आणि सामान्य नागरिकाला परवान्याशिवाय तो विकत घेता येत नाही किंवा जवळ बाळगता येत नाही. जुन्या इंजिनाबरोबर खोक्यात त्या वड्यांचे पाकीट आले, तर ते वापरून टाकू असा विचार करू नये. त्या वड्यांचा धूर उग्र असतो आणि बॉयलरच्या पोटावर चिकट काजळी धरते, त्यामुळे निव्वळ इंजिनाच्या दृष्टीनेही मला त्यांची उणीव भासत नाही.

पर्याय दोन आहेत, स्पिरिट आणि गॅस. जेलच्या स्वरूपातले इथेनॉलही मिळते; टेबलावरच्या स्थिर इंजिनाला ते ठीक आहे, डबे ओढणाऱ्या इंजिनाला त्याची आंच अपुरी वाटते. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच, आणि त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा १०० मिलिलिटर पाणी २० अंशांपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करायची आहे. त्यासाठी सुमारे २६० किलोज्यूल उष्णता लागते. एका ग्रॅम इथेनॉलमधून जास्तीत जास्त २७ किलोज्यूल मिळतात, म्हणजे कागदावर १० ग्रॅम पुरेत. पण उघड्या बॉयलरखाली जळणाऱ्या ज्योतीची निम्म्याहून अधिक उष्णता बाजूने निघून जाते. एकतृतीयांश जरी पाण्यात उतरली असे धरले, तरी ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास ३८ मिलिलिटर स्पिरिट लागेल. यावरून दिसेल की थाळीभोवती आणि बॉयलरच्या बाजूंना पातळ पत्र्याचा आडोसा लावणे हे मोठ्या बर्नरपेक्षा अधिक फायद्याचे आहे. आडोसा लावताना खालून हवा यायची वाट मात्र बंद करू नये, नाही तर ज्योत पिवळी पडून काजळी धरते.

गॅसवर आंच आवरता येते आणि वाऱ्याचा त्रास कमी होतो, हे खरे. पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, त्यामुळे इंग्लंडच्या थंड सकाळी टाकीतला दाब जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून तिथे ब्युटेनमध्ये प्रोपेन मिसळलेले डबे वापरतात, आणि प्रोपेनचा दाब जास्त असल्याने गॅसची टाकी त्या दाबासाठी बनवून तपासलेलीच असावी लागते. अशी टाकी घरी डाख लावून बनवण्याची गोष्ट नव्हे. भारतात राहून हे इंजिन मागवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की गॅसचे डबे टपालाने मागवता येत नाहीत. त्यांच्यासाठी स्पिरिटची थाळी हाच सरळ मार्ग आहे. स्पिरिटची निळी ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे विझली असे समजून थाळीत पुन्हा स्पिरिट ओतण्याचा धोका कायम असतो. थाळी बाहेर काढावी, थंड होऊ द्यावी, मगच भरावी, यात कधीही सवलत घेऊ नये.

जाळ बदलताना एक गोष्ट बदलते जी वरवर दिसत नाही, आणि या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा इशारा तोच आहे. मूळ रचनेत वड्यांची संख्या ठरलेली होती. पाणी संपण्याआधी इंधन संपावे, हीच त्या साध्या इंजिनाची खरी सुरक्षा होती. आपण मोठी थाळी किंवा गॅसची टाकी बसवली की हे नाते तुटते. अशा लहान बॉयलरांचे सांधे पूर्वी अनेकदा नरम डाखाने जोडलेले असत, आणि नरम डाख १८५ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. आत पाणी आहे तोवर बॉयलरचा पत्रा एका बारच्या दाबाला १२० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपले की तोच पत्रा काही क्षणांत कितीतरी तापतो आणि सांधा सुटतो. म्हणून नवी थाळी बसवल्यावर पहिल्यांदा मोजून पाणी भरावे, मोजून स्पिरिट घालावे, जाळ विझल्यावर बॉयलरमध्ये किती पाणी उरले ते मोजावे, आणि एकपंचमांश पाणी उरेल इतकेच स्पिरिट पुढे कायम ठेवावे.

बॉयलर तपासण्याची पद्धतही निश्चित आहे. तो पाण्याने काठोकाठ भरावा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि हातपंपाने चालवण्याच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही मिनिटे तो टिकतो का ते पाहावे. नव्याने बांधलेल्या बॉयलरला दुप्पट दाब देतात. पाणी दाबले जात नसल्यामुळे सांधा फुटला तरी फक्त थेंब गळतात. हवेने अशी चाचणी कधीही करू नये, कारण दाबलेली हवा फुटली तर पितळेचे तुकडे उडतात. ब्रिटनमधल्या छांदिष्टांच्या संघटना बॉयलरचा दाब आणि आतले आकारमान यांचा गुणाकार करून तो ३ बार-लिटरच्या आत आहे का ते पाहतात आणि त्यानुसार नियम लावतात. एसएल १ त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. त्यामुळे कागदपत्रांचा व्याप कमी होतो, पण चाचणीची गरज कमी होत नाही. सुरक्षा झडप जुनी असेल तर ती साफ करण्यापेक्षा नवी घ्यावी, आणि आटे ब्रिटिश मापाचे असल्याने मेट्रिक झडप जोर लावून बसवू नये. बॉयलरच्या आत क्षार साठले असतील तर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य, कोमट द्रावणाने ते सुटतात; द्रावण रात्रभर ठेवू नये, कारण पितळातले जस्त आम्लात विरघळते आणि धातू ठिसूळ होतो.

वेग आवरण्यासाठी वाफेच्या नळीवर वेगळी झडप बसवणे हा योग्य उपाय आहे, आणि त्यासोबत इंजिनाचे वजन वाढवावे. सांगाड्याच्या मोकळ्या जागेत शिशाचे तुकडे बसवले की चाके घसरायची थांबतात. तीन-चार वाघिणी मागे जोडल्या की इंजिन आपोआप शहाण्यासारखे चालू लागते. चाके सरकवताना त्यांच्या पाठींमधले अंतर ३२ मिलिमीटरच्या रुळांसाठी २८ आणि ४५ साठी ४० मिलिमीटर ठेवावे. रेडिओ कंट्रोलसाठी या केबिनमध्ये जागा जेमतेम आहे, आणि वेगळी झडप बसवण्याआधी त्याचा उपयोगही नाही. रंगकामाबद्दल एवढेच सांगतो की जुना रंग पूर्ण काढून, उष्णता सोसणारा रंग पातळ थरांत द्यावा आणि हे काम सगळ्यांत शेवटी करावे, कारण प्रत्येक चाचणीत तेल आणि पाणी सगळीकडे उडते.

इंजिन विकत घेताना रंग, शिट्टी, खोके यांकडे लक्ष देऊ नये. ओलसर बोटाने चाक फिरवून दोन्ही सिलिंडर मोकळेपणाने डुलतात का ते पाहावे, स्प्रिंगा जागेवर आहेत का ते पाहावे, आणि बॉयलरची दोन्ही टोके नखाने चाचपावीत. टोक फुगलेले असेल, सांध्यावर डाखाचा नवा लपका दिसत असेल, किंवा बॉयलरच्या पोटावर पितळाला गुलाबी छटा आली असेल, तर ते इंजिन फक्त सुट्या भागांच्या किमतीला घ्यावे आणि नव्या बॉयलरचा खर्च आधीच हिशेबात धरावा. बाकी मोडलेले, करपलेले, अडकलेले जे काही असेल, ते घरच्या टेबलावर दुरुस्त होते.